अँबेसिडरचे टॅपेट घरी सेट करायचे का? करा, पण आवाज बंद करायसाठी नका करू

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. वडिलांची १९८६ ची मार्क ४ अँबेसिडर, पेट्रोल, नागपूरच्या महाल भागातल्या घरी आठ-नऊ महिने उभी होती. आता चालू केली तर वरून टिक-टिक आवाज येऊन राहिला. एका मेकॅनिकनं पाहून सांगितलं की हेड (सिलिंडरच्या वरचा, वॉल्व्ह असलेला भाग) खोलावं लागते, आणि गल्लीतले काका म्हणतात काही नाही रे, टॅपेट (वॉल्व्हच्या वरचा गॅप ठरवणारा स्क्रू) कसून टाक, आवाज बंद होते. तुम्हाला विचारायचं आहे की हे काम घरी होते का आणि कसायचे तर किती कसायचे.

घरी होते. पेट्रोल गाड्यांचं काम करता करता मला ३८ वर्षं झाली, त्यातली निम्मी अँबेसिडर आणि फियाटवरच गेली, आणि मी खात्रीनं सांगतो की ह्या इंजिनचे टॅपेट शांत डोक्याचा कोणीही माणूस एका सकाळी सेट करू शकते. पण काकांचं ऐकू नका. टॅपेट आवाजावर सेट करायचे नसतात, गॅपवर करायचे असतात, आणि जो टॅपेट थोडा वाजते तो इंजिनला मारत नाही, जो एकदम चूप बसला तो मारते. एवढी एक गोष्ट नीट समजली तर बाकी सगळी हाताची सवय आहे.

काहून ते सांगतो. वॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची झडप, इनलेट हवा-पेट्रोल आत घेते, एक्झॉस्ट जळका गॅस बाहेर सोडते, आणि रॉकर वरून दांडी दाबून वॉल्व्ह उघडते. इंजिन तापलं की वॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून रॉकर आणि दांडीच्या टोकात जागा सोडलेली असते. ती जागा कमी ठेवली तर गरम झाल्यावर वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही, केसभर उघडा राहते. इनलेट तेवढं सहन करून घेते कारण त्याच्यावरून थंड हवा-पेट्रोल जाते. एक्झॉस्टचं तसं नाही. त्याला थंड व्हायला एकच मोठी संधी असते, बंद होऊन सीटला टेकतो तेवढा वेळ, तेव्हाच त्याची गरमी सीटमधून हेडच्या पाण्यात जाते. टेकलाच नाही तर गरमी जाईल कुठं, आणि वरून त्या केसभर फटीतून जळता गॅस पिचकारीसारखा निघते, मग कड जळते.

हे मी स्वतः करून बसलेलो आहे. पंचविशीत होतो, एका ओळखीच्या माणसाच्या मुलीचं लग्न होतं, नवरीची गाडी म्हणून अँबेसिडर सजवायची होती, तो म्हणाला आवाज अजिबात नको. मी फिलर (गॅप मोजायचं पातळ पातं) न लावता, चालू इंजिनवर कानानंच एकेक टॅपेट कसत गेलो, गाडी अशी गप्प झाली की सगळे खूश. दोन-अडीच महिन्यांनी ते लोक चिखलदऱ्याला निघाले आणि घाटात गाडीचा दम गेला, एक सिलिंडर मिसिंग, कशीबशी परत आणली. हेड उतरवलं तर ५ नंबरचा वॉल्व्ह, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, त्याच्या कडेचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा खाल्लेला, आणि खाल्ल्या जागेपासून दांडीकडे राखाडी-पांढरा पट्टा गेलेला. तो वॉल्व्ह मी बरीच वर्षं गॅरेजच्या खिडकीत ठेवला होता, नवीन पोरगा कामाला आला की पहिले त्याच्या हातात द्यायचो. ह्या इंजिनात ४ आणि ५ नंबरचे एक्झॉस्ट शेजारी-शेजारी आहेत आणि दोघांचं तोंड एकाच पोर्टात उघडते, त्यामुळं मधल्या भागात गरमी सगळ्यात जास्त, चूक झाली की बहुतेक तिथंच फळ मिळते.

आता तुमच्या गाडीचं. ती इतके महिने उभी होती, म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. आधी ऑइल बदला, २०डब्ल्यू-५० टाका, गाडी चालू करून वीसेक मिनिटं चांगली तापू द्या आणि मग परत ऐका. उभ्या गाडीत वरचं ऑइल सगळं खाली उतरते, रॉकरपर्यंत परत पोचायला वेळ लागते, काही वेळा निम्मा आवाज इथंच जाते. दुसरं म्हणजे आवाज टॅपेटचाच आहे का ते पाहा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (हेडमधून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपाचं) पॅकिंग गेलं की अगदी असाच टिक-टिक आवाज येते, फरक एवढाच की तो थंड इंजिनवर जास्त आणि तापल्यावर कमी होते, आणि सांध्यावर काजळी दिसते. इंजिनच्या बाजूला बसवलेला पेट्रोल पंपही टिकटिकते. लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरच्या नटावर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा, मग तेच मॅनिफोल्डजवळ, मग पंपावर, कुठं जास्त येते ते आपोआप समजते. पंख्यापासून हात, मफलर, दुपट्टा काय असेल ते दूर ठेवा.

तुमच्या मेकॅनिकला मी चुकीचं नाही म्हणत, त्यानं काय ऐकलं मला माहीत नाही. पण हेड खोलायच्या आधी गॅप मोजणं हे पहिलं काम आहे, त्याला खर्च एका पॅकिंगचा.

सामान असं लागते: फिलर गेज, अर्धा इंची रिंग पाना, रुंद पात्याचा चांगला पेचकस, प्लग पाना, कव्हरचं नवीन कॉर्क पॅकिंग, सुती कापड, खडू, आणि एक वही. हे सगळं इतवारीत लोहा ओळीत फिरलं तर एका चकरेत मिळून जाते, पॅकिंग मात्र स्पेअर पार्टच्या दुकानात पाहा. फिलर गेज घेताना पात्यावर थाउ (इंचाचा हजारावा भाग) आणि मिलिमीटर दोन्ही लिहिलेलं घ्या. आणि अर्धा इंची म्हणजे अर्धा इंचीच पाना, १३ नंबर लागते असं वाटते, लागतेही, पण तो किंचित ढिला बसते आणि चार वेळा फिरवला की चेक नटचे (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटचे) कोपरे गोल होतात, मग पुढच्या माणसाला ग्रिप पान्यानं पकडावं लागते.

गॅप किती? तुमचं १४८९ सीसीचं पुशरॉडचं इंजिन आहे, म्हणजे खाली फिरणाऱ्या कॅमचा धक्का उभ्या दांड्या (पुशरॉड) वर रॉकरला देतात, मुळात इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी सिरीज. त्याला मी १५ थाउ ठेवतो, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, थंड इंजिनवर, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला सारखंच. कोणाची अँबेसिडर इसुझु इंजिनची १८०० असेल तर हा आकडा अजिबात लावू नका, ते इंजिनच वेगळं, कॅम वर आहे. मारुती ८०० लाही नाही, तिथं गॅप पुष्कळ कमी असते. ज्याच्या त्याच्या गाडीचं मॅन्युअल पाहायचं.

थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली. आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बोनेटच हात लावू देत नाही, ती थंड नव्हे. आणि उन्हाळ्यात दुपारी दुसरी अडचण म्हणजे वारा. गरम हवेबरोबर जी बारीक धूळ उडते ती उघड्या रॉकरवर बसली की थेट ऑइलमध्ये. म्हणून सकाळी सहा-साडेसहाला, शेडमध्ये किंवा पोर्चमध्ये काम करा. कव्हर काढायच्या आधी बाहेरून रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून घ्या, सांध्याभोवती वर्षांची माती जमलेली असते, ती आत पडायला नको.

बॅटरीचं टर्मिनल काढा. चारही प्लग काढा, वायरींवर खडूनं नंबर टाकून. प्लग काढल्यानं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, राहत नाही आणि इंजिन हातानं सहज फिरते. फिरवायला हँडल असेल तर सोन्याहून पिवळं, बंपरच्या भोकातून घाला आणि हळूहळू फिरवा. हँडल धरताना अंगठा बाकी चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला गुंडाळायचा नाही, प्लग काढलेले असले तरी हीच सवय ठेवा. हँडल हरवलं असेल तर सपाट जागेवर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून कोणाला तरी मागून थोडी-थोडी ढकलायला लावा. उतारावर हे करू नका.

कव्हरचे दोन नट काढले की कव्हर हलकंच ठोकून उचला. आता लगेच टॅपेटला हात लावू नका, आधी पाहा. कव्हरच्या आत पिवळट-पांढरी मलई असेल तर ऑइलमध्ये ओल आहे. गाडी उभी राहून थोडीशी असते, पण भरपूर असली आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड पॅकिंग तपासावं लागेल, मग मेकॅनिकचं म्हणणं बरोबर निघू शकते. काळा घट्ट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललं नव्हतं. एखादी स्प्रिंग तुटलेली नाही ना, एखादा पुशरॉड वाकून रॉकरच्या वाटीतून सुटलेला नाही ना, हेही पाहा. उभ्या गाडीत वॉल्व्ह चिकटते आणि चालू करताच पुशरॉड वाकते, असं मी दोन-तीनदा पाहिलेलं आहे.

रेडिएटरकडून मागं वॉल्व्ह मोजा, १ ते ८. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट, २, ३, ६, ७ इनलेट. खडूनं नंबर लिहायचेच असतील तर कव्हर ठेवायच्या पुठ्ठ्यावर लिहा, रॉकरवर नको.

आता नऊचा नियम. कोणताही एक वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला, म्हणजे स्प्रिंग पूर्ण आवळलेली, की त्याचा नंबर ९ मधून वजा करा आणि जो नंबर येईल तो वॉल्व्ह सेट करा. ८ दाबलेला तर १ सेट, ६ दाबलेला तर ३, ४ दाबलेला तर ५, ७ दाबलेला तर २, मग १ दाबलेला तर ८, ३ दाबलेला तर ६, ५ दाबलेला तर ४, २ दाबलेला तर ७. हँडल नेहमीच्या दिशेनं फिरवत गेलात की ह्याच क्रमानं येतात आणि इंजिनच्या दोन फेऱ्यांत आठही होतात. हा नियम आकाशातून पडलेला नाही. १ आणि ४ नंबरचे पिस्टन सोबतच वर-खाली होतात, २ आणि ३ तसेच, पण काम उलट करतात, आणि वॉल्व्हची रांग दोन्ही टोकांकडून आरशासारखी सारखी आहे. त्यामुळं एका टोकाचा वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना समोरच्या जोडीदाराचा कॅम बरोबर पाठीवर असते, म्हणजे गॅप सगळ्यात जास्त असते तिथं. मारुती ८०० तीन सिलिंडरची आहे, तिच्यात हे गणित बसत नाही, तिथं एकेक सिलिंडर फायरिंगच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वर, आणून करावं लागते.

सेट करायच्या आधी आठही गॅप नुसते मोजा आणि वहीत लिहा. हे काम बहुतेक मेकॅनिक करत नाहीत, वेळ नसते त्यांच्याजवळ, पण तुम्ही घरी करून राहिले तर हे अवश्य करा, कारण सेट केलं की जुना आकडा पुसला गेला, आणि इंजिनची तब्येत त्या जुन्या आकड्यातच असते. गॅप वाढलेला असेल तर झीज आहे किंवा चेक नट सरकला आहे, आवाज येईल, पण घाबरायचं काम नाही. गॅप कमी झालेला असेल, विशेष करून एक्झॉस्टचा, तर लक्ष द्या, तिथं वॉल्व्ह सीटमध्ये आत रुतत चालला आहे.

ह्याचं कारण पेट्रोलमध्ये आहे. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. त्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्टच्या सीटवर बसायचा आणि वॉल्व्हचा मार गादीसारखा झेलायचा. २००० सालापासून आपल्याकडं सगळीकडं बिनशिशाचं पेट्रोल झालं, ते चांगलंच झालं, पोरांच्या डोक्यासाठी, पण ह्या जुन्या हेडमध्ये कडक सीट बसवलेली नसते, हेडच्या बिडाच्या लोखंडातच सीट कापलेली असते, ती झिजते. गॅस किट लावलेल्या गाडीत आणखी लवकर. आणि पाहा, सीट झिजली की वॉल्व्ह वर रॉकरकडं येते, गॅप कमी होते, आवाज बंद होते. म्हणजे मालकाला वाटते वा, गाडी गप्प झाली, आणि आत वॉल्व्ह जळायला लागलेला. म्हणून मी जुन्या अँबेसिडरच्या मालकाला विचारतो ते हे की आवाज अचानक कमी तर नाही झाला.

आता प्रत्यक्ष सेटिंग. रिंग पान्यानं चेक नट थोडा ढिला करा, पेचकस स्क्रूच्या खाचेत ठेवा. १५ चं पातं पुसून, किंचित ऑइलचा हात लावून रॉकर आणि दांडीच्या टोकामध्ये सरळ घाला, तिरपं नाही. स्क्रू हळूहळू कसत जा आणि दुसऱ्या हातानं पातं मागं-पुढं करत राहा. जाड वहीखाली दाबलेला कागद ओढताना जेवढं अडते, तेवढं अडलं की थांबा. पेचकस घट्ट धरून ठेवा, हलू देऊ नका, आणि चेक नट आवळा. मग परत पातं घालून पाहा, कारण चेक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, पहिल्या दिवशी तर दहातून आठ वेळा फिरेल, परत करायचं, कंटाळायचं नाही. खात्री करायची असेल तर १४ चं पातं मोकळं गेलं पाहिजे आणि १६ चं शिरता नये. दोन्ही बरोबर तर तुमचं काम माझ्याइतकंच चांगलं झालं. शंका आली तर गॅप एखादा थाउ जास्त चालेल, कमी नाही.

आता एक गोष्ट, जिच्यापायी चांगले चांगले हात फसतात. रॉकरचं जे टोक वॉल्व्हवर आपटते तिथं वर्षानुवर्षं मार बसून खोलगट खळगा पडते, वॉल्व्हच्या दांडीच्या रुंदीएवढा. फिलरचं पातं रुंद असते, ते खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते, आत जात नाही. तुम्ही १५ मोजता, खरा गॅप २०-२२ असते. आठही बरोबर सेट केले, दोनदा तपासले, तरी एक-दोन वाजतच राहतात, आणि मग माणूस वैतागून कसत जाते. तुमच्या गाडीत असं झालं तर आरसा आणि टॉर्च घेऊन रॉकरचं टोक खालून पाहा, नखानं चाचपा, काठ लागते. अशा ठिकाणी दांडीपेक्षा अरुंद कापलेलं पातं वापरून खरा गॅप मोजता येते. पक्का इलाज रॉकरचं टोक घासून सपाट करून घेणं किंवा रॉकर बदलणं.

पण रॉकर शाफ्ट घरी उतरवायची घाई करू नका, हे कळकळीनं सांगून राहिलो. ह्या इंजिनात शाफ्टच्या ब्रॅकेटचे आठ नट आहेत, त्यातले चार हेडचेही आहेत. तेवढेच खोलले तर हेड एका बाजूनं मोकळं, एका बाजूनं आवळलेलं राहते, वाकू शकते आणि पाणी सिलिंडरमध्ये, तिथून ऑइल चेंबरमध्ये उतरू शकते. आधी रेडिएटरचं पाणी काढायचं, मग हेडचे सगळे नट क्रमानं थोडे-थोडे ढिले करायचे, परत बसवताना टॉर्क पान्यानं क्रमानं आवळायचे, आणि मग टॅपेट नव्यानं सेट करायचे कारण हेड आवळलं की गॅप बदलते. हे काम माहीतगार माणसाजवळ बसून करा. एखाद्या टॅपेटचा थोडा आवाज ठेवून वर्षभर गाडी चालवली तर काही बिघडत नाही.

सगळं झालं की इंजिन आणखी दोन फेऱ्या फिरवून आठही गॅप परत मोजा. कव्हरचं जुनं पॅकिंग खरवडून काढा, तुकडे आत पडू देऊ नका. नवीन कॉर्क कव्हरच्या बाजूलाच चिकटवा, हेडच्या बाजूला काही लावू नका, म्हणजे पुढच्या वेळी तुटणार नाही. नट हातानं बसवून मग पाऊण फेरी, बस. जोर लावून आवळलं की पत्र्याचं कव्हर वाकते, आणि मग कितीही पॅकिंग बदला, ऑइल गळतेच, ते गरम मॅनिफोल्डवर पडून धूर येते आणि माणूस इंजिन गेलं समजते.

चालू केल्यावर आवाज अगदी जाणार नाही. सगळीकडून एकसारखा, हलका, शिलाई मशीनसारखा आवाज आला पाहिजे. त्यात एखादाच वेगळा ठक ऐकू आला तर तेवढाच एक परत पाहा. टॅपेट झाल्यावर स्पार्क पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, आणि शेवटी कार्ब्युरेटरची आयडलिंग, ह्याच क्रमानं, कारण मागचं काम हललं की पुढचं बदलते. हजारेक किलोमीटर चालवून एकदा परत गॅप मोजा, त्यानंतर वर्षातून एकदा पुष्कळ झालं.

आणि सेट करायच्या आधी लिहिलेले ते आठ आकडे मला कळवा, नंबरासकट. ४ आणि ५ चा गॅप १० च्या खाली निघाला तर गाडी हायवेला काढू नका, आधी कम्प्रेशन तपासू, मग हेडचं ठरवू.